वीटभट्टी आधुनिक करायची तर हजार विटांमागचा खर्च नेमका कुठे घटतो आणि कुठे वाढतो

सध्या कराड, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात कुठल्याही भट्टीवाल्याशी बोला, दोनच विषय निघतात, कोळसा परवडत नाही आणि मजुरांच्या टोळ्या मिळत नाहीत. मग कुणीतरी मोबाईलवर मशीनचा व्हिडिओ दाखवतं, विटा धडाधड पडतायत, आणि चार दिवसांत मालक बँकेत कोटेशन घेऊन जातो. मी भट्टीवाल्यांचे हिशोब बघतो, म्हणून मनापासून सांगतोय की हा क्रम उलटा आहे. आधुनिकीकरणाने खर्च कमी होतो हे खरं, पण तो आपोआप होत नाही, तो इंधन आणि मजुरीतून उठून हप्ता, वीज आणि दुरुस्तीत जाऊन बसतो, आणि वर्षाला विटा किती काढता यावर ठरतं की शेवटी हातात काही राहणार की नाही. म्हणून आधी बिनपैशाच्या किंवा थोड्या पैशाच्या सुधारणा, मग भट्टी, आणि थापणीचं, म्हणजे कच्च्या विटा पाडायचं, मशीन सगळ्यात शेवटी.

खाली जे रुपयांचे आकडे दिलेत ते उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुमच्या तालुक्यातला कोळशाचा दर, मजुरी, विजेचं बिल घालून तेच गणित परत करा. पद्धत तीच राहील, उत्तर बदलेल.

आधी आजचा खर्च कागदावर आणा

बहुतेकांना विचारलं की हजारी, म्हणजे हजार विटांमागे खर्च, किती पडते, तर एक आकडा तोंडपाठ असतो आणि त्यात निम्म्या गोष्टी नसतात. माती आणि तिची वाहतूक, रॉयल्टी, पाणी, थापणी, कोळसा-तूस-बगॅस, रचणारे आणि भाजणारे, उतरवणी, डिझेल, जागेचं भाडं हे सगळे धरतात. पण तीन गोष्टी हमखास सुटतात.

एक म्हणजे उचलीचं, म्हणजे टोळीला हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशाचं, व्याज. समजा एका टोळीला गणपतीच्या आसपास २ लाख उचल दिली, ती मे महिन्यापर्यंत हळूहळू फिटते, म्हणजे सरासरी सहा महिने पैसा अडकला, बाहेरून १८ टक्क्यांनी आणला असेल तर १८,००० व्याज झालं. त्या टोळीने हंगामात ३ लाख विटा थापल्या तर हजारी ६० रुपये हे नुसतं व्याज. टोळी मधेच निघून गेली तर अख्खी उचलच बुडते, तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट अवकाळी पाऊस. गेल्या काही हंगामांत किती कच्च्या विटांचा चिखल झाला ते आठवून त्याची वर्षाला सरासरी काढा आणि खर्चात धरा. यंदा नाही झालं म्हणजे खर्च नाही असं धरू नका.

तिसरी गोष्ट स्वतःचा आणि घरच्यांचा पगार. भाऊ रात्रभर भट्टीवर बसतो आणि त्याची मजुरी हिशोबात शून्य, असं धरलं की नवीन भट्टी आणि जुनी भट्टी यांची तुलनाच चुकते कारण नवीन भट्टीवर तुम्हाला पगारी माणूस ठेवावाच लागतो.

हजारी सोडा, अव्वल विटेमागे काढा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सावकाश वाचा.

भट्टीतून १ लाख विटा निघाल्या तरी त्या सगळ्या एका भावाने जात नाहीत. अव्वल असते, दोयम असते, पिवळी कच्ची राहिलेली असते, जास्त भाजून खंगर झालेली असते, तुकडा असतो. म्हणून खर्च असा काढायचा: एकूण खर्चातून दोयम आणि तुकड्याचे आलेले पैसे वजा करा आणि जे उरतं त्याला अव्वल विटांच्या संख्येने भागा.

समजा लाख विटांना ५,५०,००० खर्च आला. ६५,००० अव्वल निघाल्या, २५,००० दोयम ४ रुपयांनी गेल्या म्हणजे १,००,०००, आणि १०,००० तुकडा-खंगर रुपयाने गेला म्हणजे १०,०००. उरले ४,४०,०००, भागिले ६५,०००, अव्वल वीट पडली ६ रुपये ७७ पैशांना. आता खर्च एक पैसाही कमी न करता फक्त भाजणी सुधारली, ८५,००० अव्वल, ११,००० दोयम, ४,००० तुकडा. मग ५,५०,००० वजा ४४,००० वजा ४,००० म्हणजे ५,०२,०००, भागिले ८५,०००, वीट पडली ५ रुपये ९१ पैशांना. विटेमागे ८६ पैसे, हजारी ८६० रुपये, आणि कोळसा तेवढाच जळाला!

कोळशाची बचत सगळे मोजतात, पण पुढे दिसेल की जुना चिमणी भट्टा झिगझॅग (हवा वळणावळणाने नेणारा) करताना खरा पैसा या अव्वलच्या टक्क्यात आहे. त्यामुळे निदान एक हंगाम तरी प्रत्येक भट्टी उतरवताना ढीग वेगळे मोजा, वहीत लिहा. ही वही नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

थोड्या पैशात होणाऱ्या गोष्टी आधी उरका

कोळसा टनावर विकत घेतला जातो पण भट्टीला लागते उष्णता. म्हणून दर १००० किलोकॅलरीमागे (किलोकॅलरी म्हणजे उष्णतेचं माप) काढा. ८ रुपये किलोचा, किलोला ४५०० किलोकॅलरी देणारा कोळसा १००० किलोकॅलरीला १ रुपया ७८ पैसे पडतो, आणि १० रुपये किलोचा ६००० वाला १ रुपया ६७ पैसे, म्हणजे महाग दिसणारा स्वस्त निघाला. व्यापाऱ्याकडून तपासणीचा रिपोर्ट मागा, आणि शंका असली तर एक नमुना स्वतः लॅबला द्या, एका गाडीच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही. ओला कोळसा घेताना पाण्याचे पैसे देतोय हेही लक्षात ठेवा. एक बदल अजून, २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला आणि टनाला ४०० रुपयांचा सेस गेला, म्हणजे कोळसा जितका महाग तितका हा बदल जास्त टोचतो, आणि ज्यांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय) मिळत नाही त्यांना तर सगळाच अंगावर.

मग वाळवण. कच्ची वीट वरून कोरडी दिसते पण आत ओल असते, घाईत रचली की ते पाणी तुमचा कोळसा पितं. गणित सोपं आहे, कच्ची वीट ३.२ किलोची, तिच्यात १० टक्क्यांऐवजी ३ टक्के ओल ठेवली तर हजार विटांमागे साधारण २२० किलो पाणी कमी. एक किलो पाणी तापवून वाफ करून बाहेर काढायला २.६ मेगाज्यूलच्या (हेही उष्णतेचंच माप) आसपास लागतात, म्हणजे ५७० ते ५८० मेगाज्यूल, ४५०० किलोकॅलरीच्या कोळशाने ३० किलो. ८ रुपयांनी धरलं तर हजारी जवळपास २४० रुपये, फक्त चार-पाच दिवस जास्त वाळवण्याचे. त्यासाठी जागा आणि ताडपत्री जास्त लागते, साधी पत्र्याची शेडही चालते, आणि तीच शेड अवकाळीतही वाचवते. मला विचाराल तर पहिला मोठा खर्च करायचा तो शेडवर.

तिसरं, मातीतच इंधन मिसळणं. आपल्याकडे कोळशाची चुरी, भाताचा तूस, साखर कारखान्याच्या बॉयलरची राख मातीत घालतातच, पण बहुतेक ठिकाणी ते घमेल्याच्या अंदाजाने. औष्णिक वीज केंद्राची राख घातली तर तिच्यात न जळलेला कार्बन किती आहे ते बघा. समजा ३ किलोच्या विटेत २५ टक्के राख, म्हणजे पाऊण किलो, आणि त्यात ३ टक्के कार्बन, म्हणजे साडेबावीस ग्रॅम. हजार विटांमागे ही ७४० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता झाली, म्हणजे ३९ किलो कोळसा. ती विटेच्या पोटात जळते त्यामुळे वीट आतून पण भाजते. शिवाय काळ्या मातीला राख फार मानवते, काळी माती वाळताना आकसते आणि तडकते, राखेने ते कमी होतं. पण हात सैल सोडू नका, इंधन जास्त झालं की वीट मधे काळी राहते, भुसभुशीत होते आणि पाणी पिते. १०, २०, ३० टक्क्यांच्या खुणा करून थोड्या-थोड्या विटा वेगळ्या भाजा, मग ठरवा. तपासणीही घरच्या घरी होते: कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, परत वजन करा. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये.

राख आणायची कुठून? एकलहरे, दीपनगर, परळी, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही मोठी वीज केंद्रं. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीज केंद्रांना राखेचा पूर्ण वापर करायची सक्ती केली आणि ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांवर राखेचा माल वापरायचं बंधन टाकलं, त्यामुळे वाहतुकीचा खर्च कोण उचलणार हे वीज केंद्राशी लेखी बोलून घ्या. राख फुकट असली तरी डंपर फुकट येत नाही, आणि कराडला परळीची राख परवडेलच असं नाही. साखर पट्ट्यात बॉयलरची राख जवळ मिळत असेल तर आधी तीच तपासा.

आता भट्टी: झिगझॅग खरंच परवडतं का

महाराष्ट्रात, खास करून पश्चिमेकडे आणि कोकणात, बहुतेक भट्ट्या उघड्या, विटांचा ढीग रचून खालून पेटवायच्या. विदर्भात चिमणीचे भट्टे जास्त दिसतात. या दोघांचं गणित वेगळं आहे आणि दोघांना एकच सल्ला देणारा सल्लागार भेटला तर सावध राहा.

झिगझॅगमध्ये होतं काय तर विटा अशा रचतात की हवा सरळ न जाता एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळत जाते. वाट साधारण तिप्पट लांब होते, हवा आणि कोळशाची धूळ नीट घुसळली जाते, कोळसा पूर्ण जळतो आणि चिमणीतून जाणारी उष्णता पुढच्या कच्च्या विटा तापवत जाते. आपल्याकडे हे तंत्र रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात आणलं, म्हणजे नवीन काही नाही, आपणच उशीर केलाय.

इंधनाचे आकडे असे बसतात. एक किलो वीट भाजायला चिमणी भट्ट्याला साधारण १.२ मेगाज्यूल, नीट चालवलेल्या झिगझॅगला १.०५ च्या आसपास, आणि उघड्या भट्टीला बरंच जास्त, दीड ते तीनपर्यंत, आपण २ धरू. वीट ३ किलोची, कोळसा ४५०० किलोकॅलरीचा, ८ रुपये किलो. मग हजार विटांना उघडी भट्टी ३१९ किलो म्हणजे २,५५० रुपये, चिमणी भट्टा १९१ किलो म्हणजे १,५३० रुपये, झिगझॅग १६७ किलो म्हणजे १,३४० रुपये.

आता हप्ता घाला.

चिमणी भट्टा असलेल्याने जुना भट्टा झिगझॅग केला, समजा ३० लाख कर्ज, ११ टक्के, ७ वर्षं. महिन्याचा हप्ता ५१,००० च्या थोडा वर, वर्षाला ६ लाख १६ हजार. वर्षाला ४० लाख विटा काढल्या तर हजारी १५४ रुपये. भट्टीतून हवा ओढणारा पंखा घेतला तर विजेचा खर्च वेगळा, ८ किलोवॅटचा भार २४ तास म्हणजे १९२ युनिट, ९ रुपयांनी १,७२८ रुपये रोज, दिवसाला ३०,००० विटा असतील तर हजारी ५८ रुपये. इंधनाची बचत १९०, खर्च २१२. म्हणजे नुसत्या कोळशावर हे गणित तोट्यात! प्रत्यक्षात बरेच जण कोळसा २० टक्क्यांपर्यंत वाचल्याचं सांगतात, तसं झालं तर बचत ३०० च्या वर जाते आणि थोडे पैसे उरतात, पण कर्ज काढायचं ते एवढ्यासाठी नाही. अव्वल विटा ६५ वरून ८५ टक्क्यांवर गेल्या तर वर दाखवलेले हजारी आठशे-साडेआठशे रुपये, तिथे भट्टी फिटते.

उघड्या भट्टीवाल्याचं उलट. त्याची इंधनाची बचत मोठी, हजारी १,२०० रुपये, पण त्याला चिमणी, खंदक, सगळंच नवीन बांधायचंय. समजा ८० लाख लागले. वर्षाचा हप्ता १६ लाख ४४ हजारांच्या घरात. ४० लाख विटांवर हजारी ४११ रुपये, आरामात परवडतं. १५ लाख विटांवर १,०९६, म्हणजे पंख्याची वीज धरली की जेमतेम बरोबरी. आणि ८ लाख विटांवर २,०५५ रुपये, म्हणजे बुडालाच. आपल्याकडचे कितीतरी कुंभार भट्टीवाले ५ ते १० लाखांच्या आतले आहेत, त्यांना एकट्याने झिगझॅग घ्यायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि मी हे ठामपणे म्हणतो. त्यांच्यासाठी दोनच रस्ते दिसतात, पाच-सहा जणांनी मिळून एक भट्टी, थापणी ज्याची त्याची आणि भाजणी सामाईक, नाहीतर पुढे सांगतोय ती राखेची वीट. सहकारात ऊस गाळणाऱ्या पट्ट्याला सामाईक भट्टी जमू नये असं काही नाही, फक्त कुणाच्या विटा कुठल्या रांगेत आणि तूट कुणाच्या वाट्याला हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा, भांडणं तिथेच होतात.

पंखा की बिनपंख्याची, हा प्रश्न नेहमी येतो. बिनपंख्याची भट्टी चिमणीच्या ओढीवर चालते, वीज लागत नाही, पण चिमणी उंच आणि भक्कम हवी आणि बांधकामात चूक झाली तर दुरुस्त करायला वाव कमी. पंख्याची भट्टी वेग वाढवायला बरी, पण गावात रात्री लोडशेडिंग असेल आणि जनरेटर चालवावा लागला तर वरचे ५८ रुपये तिप्पट-चौपट होतात. वीज भरवशाची नसेल तर बिनपंख्याचीच घ्या.

व्हर्टिकल शाफ्ट भट्टी, म्हणजे विटा उभ्या खोबणीत वरून भरून खालून काढायची भट्टी, कागदावर इंधनात सगळ्यात कमी खाते, १९९६ मध्ये मध्य प्रदेशात दतियाला देशातली पहिली उभी राहिली, पण ती फारशी पसरली नाही. उत्पादन कमी निघतं आणि कच्ची वीट मजबूत नसली तर वरच्या वजनाने खालची फुटते. आपल्या हाताने थापलेल्या विटेला मी ती सुचवणार नाही.

झिगझॅग बांधली म्हणजे झिगझॅग चालली असं नाही

बांगलादेशात बहुतेक भट्टे आधीच झिगझॅगचे झालेले, तरी कोळसा म्हणावा तसा वाचत नव्हता. तिथे २७६ भट्ट्यांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०२५ मध्ये सायन्स या मासिकात आलाय. भांडवली काहीही न बदलता फक्त रचण्याची आणि कोळसा टाकण्याची पद्धत शिकवली, शिकवलेल्यांपैकी ६५ टक्के मालकांनी ती उचलली आणि उचललेल्यांचं इंधन सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. म्हणजे अख्खी भट्टी बांधून जेवढं वाचेल म्हणतात तेवढं नुसतं नीट चालवून वाचलं.

त्यांनी केलं ते आपणही करू शकतो. कोळसा दर अर्ध्या-पाऊण तासाने दोघातिघांनी फावड्याने ओतायचा नाही, एकाच माणसाने छोट्या चमच्याने सारखा थोडा-थोडा टाकत राहायचं, ओतला की काळा धूर येतो आणि तो धूर म्हणजे न जळलेला पैसा. कोळसा बारीक करून टाकायचा, मोठे खडे तळाशी पडून खंगर करतात. बाजूच्या भिंती दोन पदरी करून मधे राख भरायची, वरच्या थरावर सात-आठ इंच राख पसरायची, कोळसा टाकायच्या भोकांची झाकणं घट्ट बसली पाहिजेत, फटी मातीने लिंपायच्या.

हे सगळं भाजणाऱ्या मिस्त्रीच्या हातात असतं. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडकडचे मिस्त्री या कामात नावाजलेले आहेत, आपल्याकडचे लोक अजून तयार व्हायचेत. म्हणून बजेटमध्ये पहिल्या हंगामाला चांगल्या मिस्त्रीचा पगार आणि त्याच्या हाताखाली शिकायला आपली दोन माणसं धरा. मिस्त्रीला टनावर किंवा दिवसावर न देता अव्वल विटांच्या टक्क्यावर बक्षीस ठेवलं तर फरक पडतो, आणि तो पैसा दिल्यासारखा वाटत नाही कारण तो आलेल्या पैशातूनच जातो.

थापणीचं मशीन शेवटी का

मशीनचा सगळा युक्तिवाद मजुरीवर आहे म्हणून मजुरीचंच गणित करू. समजा हाताची थापणी हजारी १,१०० रुपये. मशीन आणलं तरी माती घालायला, विटा उचलायला, वाळत लावायला माणसं लागतातच, त्यांचे ४५० धरा, वाचले ६५०. वीज-डिझेल २००, झीज आणि सुटे भाग ८०, उरले ३७०. मशीन, माती मळायची यंत्रणा, शेड, वीज जोडणी मिळून ६० लाख कर्ज, तर वर्षाचा हप्ता सव्वाबारा लाखांच्या वर. ३० लाख विटांना ३७० प्रमाणे ११ लाख १० हजार सुटतात, हप्ता भागत नाही. ४० लाख विटांना १४ लाख ८० हजार, आता भागतो. आणि मशीन महिनाभर बंद पडलं तर पुन्हा खाली.

याहून मोठा प्रश्न वाळवणीचा. दाबून काढलेली वीट घट्ट असते, ती उन्हात टाकली की तडकते, तिला सावलीत सावकाश वाळवावं लागतं, म्हणजे शेड मोठी, आणि आपल्या काळ्या मातीत तर राख किंवा पोयट्याची माती मिसळल्याशिवाय नादच करू नका. मशीन घ्यायच्या आधी स्वतःची दोन-तीन ट्रॉली माती कंपनीच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या चालू मशीनवर घेऊन जा, विटा काढा, घरी आणून वाळवा, भाजा, मोजा. जो विक्रेता याला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

एक फायदा मात्र खरा आहे. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते विटेत राहिले की भाजल्यावर पाणी लागताच फुगून वीट फोडतात. मशीनच्या रोलरमध्ये ते बारीक होतात आणि ही तक्रार बरीच कमी होते. तुमची दोयम यामुळेच वाढत असेल तर फक्त माती दळायचा रोलर आणि मळायचं यंत्र घ्या, थापणी हातानेच ठेवा. खर्च कितीतरी कमी, आणि पायाने चिखल तुडवायचं काम माणसांच्या अंगावरून जातं.

माणसांवरून आलोच आहे तर हेही सांगतो. टोळ्या येत नाहीत याचं कारण नुसती मजुरी नाही. रायगड-ठाण्याकडे कातकरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या उचलीत अडकलेली आहेत, खोपीत राहतात, पोरांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती सुटतेच. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ पासून आहे, उचलीच्या नावाखाली माणूस अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. आधुनिकीकरणाच्या कर्जात पक्क्या खोल्या, नळाचं पाणी, संडास आणि पोरांना शाळेत पोचवायची सोय यांचा खर्च धरा. हे करायलाच हवं म्हणून करा, आणि हिशोबातही बघा की तीच टोळी दरवर्षी परत आली तर बुडणारी उचल वाचते आणि हात बसलेले असतात.

राखेची वीट: भट्टीच नको असेल तर

राख साधारण ५० ते ६० टक्के, क्रश सँड किंवा डस्ट ३० ते ४०, सिमेंट ८ ते १०, हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबायचं आणि पाणी मारत ठेवायचं. कोळसा नाही, धूर नाही, पावसाळ्यातही चालतं, म्हणजे हप्ता सहा महिन्यांऐवजी बारा महिन्यांवर पसरतो, लहान माणसाला हा मोठा आधार. पण इथे खर्च वेगळ्या दोन गोष्टींवर टांगलेला असतो, राखेचं अंतर आणि सिमेंटचा भाव. शिवाय माल तयार झाल्या झाल्या विकता येत नाही, दोन ते चार आठवडे पाणी मारून ठेवावा लागतो, तेवढं भांडवल अडकतं. घाईत विकली, साइटवर फुटली, तर तो बिल्डर परत येत नाही. पुणे-मुंबईकडे एएसी ब्लॉकने, म्हणजे हलक्या मोठ्या ठोकळ्यांनी, बाजार खाल्लाय, त्यामुळे तिथे विकायचा विचार असेल तर आधी दोन-चार कॉन्ट्रॅक्टरशी बोला. तालुक्याच्या गावात घरबांधणीला अजून लाल वीटच मागतात, ते ओळखून ठरवा.

कागदपत्रांचा खर्च पण खर्चच

२२ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वीटभट्ट्यांची अधिसूचना काढली. नवीन भट्टी फक्त झिगझॅग, व्हर्टिकल शाफ्ट किंवा पाइप गॅसवरची. जुन्यांना बदलायला हवा खराब असलेल्या यादीतल्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आत एक वर्ष आणि बाकीच्यांना दोन वर्षं दिली होती, ती मुदत उलटून गेली. आपल्याकडची सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नागपूर, चंद्रपूर ही शहरं त्या यादीत आहेत. धुरातल्या धुळीची मर्यादा घनमीटरला २५० मिलिग्रॅम, वस्ती आणि फळबागेपासून ८०० मीटर, दुसऱ्या भट्टीपासून एक किलोमीटर, चिमणी रोज ३०,००० पेक्षा कमी विटांना २४ मीटर आणि त्याच्यावर २७ मीटर. पेटकोक, टायर, प्लास्टिक जाळायला बंदी. जागा घ्यायच्या आधी ही अंतरं टेपने मोजा, नाहीतर भट्टी बांधून झाल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती अडकते आणि हप्ता मात्र सुरू होतो. म्हणजे मोठी भट्टी उभी करताना परवडतं की नाही याच्याबरोबर दंड आणि बंद पडण्याची जोखीमही पारड्यात टाका.

जीएसटीत १ एप्रिल २०२२ पासून मातीच्या विटेला दोन पर्याय आले, क्रेडिट न घेता ६ टक्के किंवा क्रेडिट घेऊन १२ टक्के. मोठी मशिनरी घेणार त्या वर्षी कुठला पर्याय धरायचा हे खरेदीच्या आधी सीएकडून काढून घ्या कारण मशीनवरचा लाखोंचा कर क्रेडिट नसेल तर थेट किमतीत जातो. राखेच्या विटेचं नवीन युनिट असेल तर पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात २५ टक्के, विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. अनुदान धरूनच परवडतंय असं दिसलं तर मात्र तो प्रकल्प करू नका, अनुदान उशिरा आलं तरी तगेल असंच गणित हवं.

पहिला हंगाम कसा काढायचा

बांधकाम पावसाळा उलगडला की सुरू करा आणि ते पुरतं वाळू द्या. पहिली फेरी सावकाशच चालवायची, ओली भिंत आणि ओली जमीन कोळसा जास्त खाते, त्यामुळे पहिल्या फेरीच्या आकड्यांवरून घाबरू नका आणि खूशही होऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून मोजा. नवीन भट्टी भरायलाच काही लाख कच्च्या विटा लागतात, म्हणजे एक रुपया यायच्या आधी तेवढी माती, थापणी आणि कोळसा घालून बसावं लागतं, हे खेळतं भांडवल कर्जाच्या अर्जात वेगळं मागा, बरेच जण इथेच अडकतात आणि मग कोळसा उधारीवर चढ्या भावाने घेतात.

पहिल्या वर्षी निम्मा माल जुन्या पद्धतीने, पण मंडळाच्या नियमात बसत असेल तरच, चालू ठेवता आला तर ठेवा. मोठ्या बिल्डरला अव्वलच्या भावाने मोठी ऑर्डर आधीच लिहून देऊ नका, अव्वलचा टक्का स्थिर व्हायला वेळ लागतो. आणि रोजच्या वहीत पाच गोष्टी लिहायच्या, किती किलो कोळसा गेला, किती विटा पुढे सरकल्या, विजेचं मीटर, उतरवलेल्या विटांचे ढीग वेगवेगळे, आणि मशीन किंवा पंखा किती तास बंद होता. बँकेचा माणूस, मंडळाचा अधिकारी, मिस्त्री आणि विक्रेता या चौघांशी बोलताना ही वही पुढे ठेवायची, आणि दुसऱ्या हंगामाच्या आधी तिच्यावरून अव्वल विटेमागचा खर्च परत काढायचा, तो जुन्या आकड्यापेक्षा खाली आला असेल तरच मशीनच्या कोटेशनला हात लावायचा.